क्षयावरचे औषध आणि मज्जातंतूंनी मोजलेली किंमत

१/७
पाचगणी सातारा जिल्ह्यातल्या डोंगरमाथ्यावर, तर वानलेसवाडी सांगली-मिरजेच्या सपाटीवर. या दोन ठिकाणांना जोडणारा धागा एकच : क्षयरोग.

२/७
डॉ. रुस्तमजी बोमनजी बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये पाचगणीस बेल-एअर आरोग्यधाम स्थापन केले. मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय उभारले आणि पुढे त्यांच्याच नावाच्या वाडीत क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम झाले. उपचार म्हणजे मोकळी हवा, सकस अन्न, सक्तीची विश्रांती. फार तर छातीत हवा भरून रोगट फुफ्फुस मिटवणे. जंतू मारणारे औषध कोणापाशीच नव्हते.

३/७
ते १९४३ मध्ये गवसले. अमेरिकेत सेल्मन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ यांनी मातीतल्या सूक्ष्मजीवापासून स्ट्रेप्टोमायसिन वेगळे केले. मरणाच्या दारातले रोगी उठून बसू लागले. मात्र त्यांतल्या काहींना चालताना भोवळ येई, अंधारात तोल जाई, कानांत सतत नाद घुमे. औषध अंतर्कर्णातील नाजूक केसपेशी मारत होते आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. सौम्य पर्याय म्हणून आलेल्या डायहायड्रोस्ट्रेप्टोमायसिनने तोल पुष्कळसा राखला, पण बहिरेपण वाढवले.

४/७
१९५२ मध्ये आयसोनियाझिड आले : स्वस्त, प्रभावी, पोटात घेण्याजोगे. त्याने तळपायांना मुंग्या आणि जळजळ सुरू होई. कारण दोनच वर्षांत उमगले. हे औषध शरीरातील ब-६ जीवनसत्त्व निकामी करते. त्या जीवनसत्त्वाची लहानशी गोळी सोबत दिली की बहुतेकांचे मज्जातंतू वाचतात. कुपोषित रोग्याला ही इजा लवकर होते. म्हणजे गरिबाला धोका अधिक.

५/७
१९५६ मध्ये मद्रासला क्षयरोग संशोधन केंद्र सुरू झाले. तेथील १९५९ च्या अहवालाने दाखवले की नियमित औषध घेतल्यास घरी राहूनही रोगी आरोग्यधामातल्याइतकाच बरा होतो. आरोग्यधामांचे युग तेथेच ओसरू लागले. रोगी आपल्या माणसांत राहिला, ही मोठी मिळकत. पण रोजची देखरेख सुटली. पायांतली बधिरता आता रोग्याने स्वतः सांगितली तरच कळणार होती.

६/७
हा प्रश्न जुना झालेला नाही. औषधांना न जुमानणाऱ्या क्षयावर आज लिनेझोलिड वापरतात. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रोज १२०० मिलिग्रॅम घेणाऱ्या ८१ टक्के रुग्णांच्या मज्जातंतूंना त्रास झाला. बहुतेक जण क्षयातून बरेही झाले. पुढच्या अभ्यासात मात्रा निम्मी केली, तेव्हा त्रास घटला आणि गुण जवळपास तेवढाच आला. २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटना ६०० मिलिग्रॅमचीच शिफारस करते.

७/७
म्हणून इतिहासाचा धडा ‘औषध टाळा’ असा नाही. औषधाविना क्षय काय करतो, हे त्या जुन्या आरोग्यधामांनी पाहिले होते. धडा असा की हातापायांत मुंग्या, कानांत नाद किंवा नजरेत धूसरपणा जाणवला, तर औषध परस्पर न सोडता त्याच दिवशी डॉक्टरांना सांगावे. मात्रा कमी करता येते, औषध बदलता येते. गेलेली श्रवणशक्ती मात्र परत आणता येत नाही.