‘डेड सेट’ : बघ्यांच्या समाजावरील उपहास

मेल्यानंतरही चालत राहणारा, विचारशक्ती हरपलेला आणि केवळ भूक शिल्लक उरलेला देह म्हणजे झोंबी. हैतीच्या लोकसमजुतींतील या कल्पनेला आजचे रूप दिले ते अमेरिकी दिग्दर्शक जॉर्ज रोमेरो यांनी. त्यांच्या ‘डॉन ऑफ द डेड’ (१९७८) या चित्रपटातील झोंबी जिवंतपणीच्या सवयीने शॉपिंग मॉलमध्ये घुटमळतात. चंगळवादावरचे हे भाष्य पुढे अशा कथांचा स्थायीभावच बनले.

छोट्या पडद्यावर हा धागा पुढे नेला ‘डेड सेट’ या ब्रिटिश मालिकेने. चार्ली ब्रूकर यांनी लिहिलेली आणि यान डेमांज यांनी दिग्दर्शित केलेली ही पाच भागांची मालिका ऑक्टोबर २००८ मध्ये ‘ई-फोर’ वाहिनीवर सलग पाच रात्री दाखवली गेली. तिचे कथास्थळ आहे ‘बिग ब्रदर’ या रिॲलिटी शोचे घर. स्पर्धक घराबाहेर पडण्याची रात्र, फाटकापाशी जमलेली गर्दी आणि त्यातच पसरलेली साथ. देश उद्ध्वस्त होतो, तरी चोवीस तास कॅमेऱ्यांसमोर असलेल्या स्पर्धकांना त्याचा पत्ताही नसतो. ज्या भिंतींनी त्यांना जगापासून तोडलेले असते, त्याच भिंती त्यांचा आसरा ठरतात. सत्य सांगायला आत येते ती केली, म्हणजे कार्यक्रमाच्या चमूतील एक सामान्य कर्मचारी.

उपहासाचा रोख केवळ प्रसिद्धीलोलुप स्पर्धकांवर किंवा उद्दाम निर्मात्यावर नाही. तो मुख्यतः बघ्यांवर आहे. घराभोवती जमणारे झोंबी हे त्या प्रेक्षकांचेच रूप होय. दुसऱ्याची फजिती पाहण्याची भूक मेल्यावरही शमत नाही, हे मालिकेचे सूत्र.

मात्र या टीकेतही एक गोम आहे. मालिकेची निर्मिती केली ती ‘बिग ब्रदर’च्याच निर्मात्या एंडेमॉल समूहातील झेपोट्रॉन या कंपनीने, निवेदिका डेव्हिना मॅकॉल यांनी स्वतःचीच भूमिका करून झोंबी होणेही स्वीकारले. आपल्यावरील टीकासुद्धा विकता येते, हे या उद्योगाने ओळखले होते. ब्रूकर यांनी २०११ पासून ‘ब्लॅक मिरर’मधून हाच विषय पुढे नेला, तर २०२० मध्ये ब्राझीलमध्ये ‘रिॲलिटी झी’ या नावाने ‘डेड सेट’चा नवा अवतार आला.

‘बिग ब्रदर’चा भारतीय अवतार ‘बिग बॉस’ २००६ मध्ये हिंदीत आणि २०१८ मध्ये मराठीत आला. त्यामुळे फाटकाबाहेरची ती गर्दी मराठी प्रेक्षकालाही परकी वाटू नये.