सात जव विष

दापोलीच्या कोर्टात वकिली करताना एक मागणी अधूनमधून कानावर येते. चोरीचा आळ आलेला अशील तावातावाने म्हणतो, "वकीलसाहेब, माझी नार्को करायला सांगा. काय ते एकदाचं होऊन जाऊ दे." मला ऐकू येतं ते असं, की हा दिव्य मागतोय.

दिव्याचा शास्त्रार्थ ज्यांनी मुळापासून धुंडाळला ते महामहोपाध्याय पां. वा. काणे दापोलीतच वाढले. वडील इथे वकील. पांडुरंग 1897 साली मिशन हायस्कुलातून मॅट्रिक झाला. त्यांच्या 'धर्मशास्त्राच्या इतिहासा'चा तिसरा खंड मी कपाटात नव्हे, टेबलावरच ठेवतो. याज्ञवल्क्याने पाच दिव्यं सांगितली: तुला, अग्नी, पाणी, विष आणि कोश, म्हणजे देवाच्या स्नानाचं पाणी पिणं. कागद, साक्षीदार, वहिवाट यांनी काम भागत नसेल तरच दिव्याची पाळी. पण कोणाला कुठलं, हे माणूस पाहून ठरे. बाया, मुलं, म्हातारे, आजारी आणि ब्राह्मण यांना तराजू. शूद्राला अग्नी, पाणी, नाहीतर सात जवांएवढं विष.

मराठेशाहीत चाले ते रव्याचं दिव्य. उकळत्या तेला-तुपातून धातूचा तुकडा हाताने काढायचा. त्याआधी हात धुऊन, नखं काढून तपासत. नंतर पिशवीत घालून मोहर करत आणि ठरल्या दिवशी गोतापुढे सोडत. फोड नसला तर खरा. हरणाऱ्याने यजितखत, म्हणजे हार कबूल केल्याचा कागद, लिहून द्यायचं. पंचनामा म्हणून बिनचूक! शाबीत मात्र होई ती फक्त कातडी.

नार्कोचा जन्म बाळंतिणीच्या खोलीतला. स्कोपोलामिनच्या गुंगीत बायका विचारलं ते सांगतात, हे टेक्सासच्या डॉ. रॉबर्ट हाउस यांनी पाहिलं आणि 1922 साली डॅलसच्या तुरुंगातल्या कैद्यांवर ते औषध वापरलं. आपल्याकडे आलं सोडियम पेंटोथॉल. बनावट मुद्रांकवाल्या तेलगीची नार्को देशाने टीव्हीवर पाहिली. त्याच घोटाळ्यातल्या एका अर्जावर मुंबई उच्च न्यायालयाने मार्च 2004 मध्ये अशा चाचण्यांना हिरवा कंदील दाखवला. 5 मे 2010 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात तो विझवला: संमतीशिवाय नार्को नाही, पॉलिग्राफ नाही, ब्रेन मॅपिंगही नाही. संमती द्यायची ती मॅजिस्ट्रेटपुढे, वकिलाच्या सल्ल्याने. तरीही गुंगीतलं बोलणं पुरावा नव्हेच, कारण त्या वेळी उत्तरांवर माणसाचा जाणीवपूर्वक ताबा नसतो. त्यातून एखादी वस्तू हाती लागली, तर तेवढीच ग्राह्य.

या निकालाच्या मुळाशी आहे राज्यघटनेचं कलम 20(3): आरोपीला स्वतःविरुद्ध साक्षीदार व्हायची सक्ती नाही. मसुदा समितीच्या अध्यक्षांचंही बालपण काही काळ दापोलीत गेलं. काणे इथे शिकत होते त्याच दशकात. त्या कलमात तराजू कोणाला आणि विष कोणाला, अशी वाटणी नाही.

अशिलाला मी याज्ञवल्क्याचाच आणखी एक नियम सांगतो. मोठ्या आरोपात दिव्य मागणाऱ्या वादीला, आरोपी सुटला तर दंड आपण सोसू, असं सहसा आधी कबूल करावं लागे. नार्कोत तेवढाही तोल नाही. नको म्हटलं तर संशय वाढतो, हो म्हटलं तर मन उघडं पडतं, आणि काहीच निघालं नाही तरी आळ घेणाऱ्याचं काही जात नाही. असल्या सौद्यावर मी माझ्या अशिलाला सही करू देत नाही.