तेलावरील वीजघर व त्याचें दप्तर

सनदा, बखरी व महजर जमविणाऱ्या मंडळींस वीजघर हा विषय प्रथमदर्शनीं परका वाटेल. तथापि लहान गांवचें, तेलावर चालणारें व संध्याकाळची वाढती मागणी भागविणारें वीजघर आपल्यामागें एक रोजनिशी ठेवून जातें. ती रद्दींत जाण्यापूर्वीं भिवापूर-उमरेडकडील संग्राहकांनीं तिची विचारपूस करावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम कालक्रम पाहूं. मुंबईच्या म्युनिसिपालिटीनें १८८२ सालीं क्रॉफर्ड मार्केटांत विजेचे दिवे आणविले. परंतु ठेकेदार कंपनीचें पुढल्याच वर्षीं दिवाळें निघालें व बाजार पुन्हा गॅसवर आला. १९१० च्या कायद्यानें वीज पुरविणारास सरकारी परवाना व वार्षिक हिशेब आवश्यक ठरले. मुदतीअंतीं तें काम खरेदी करण्याचा हक्क स्थानिक संस्थेस मिळाला. मुंबईची वीज व ट्राम कंपनी १९४७ च्या ऑगस्टांत म्युनिसिपालिटीकडे आली.

आतां यंत्राविषयीं. डीझेलचें एंजिन १८९७ सालीं यशस्वी ठरलें. वाफेचें बाष्पपात्र तापण्यास कित्येक तास लागतात. तेलाचें एंजिन दाबलेल्या हवेनें फिरविलें कीं थोड्या मिनिटांत भार उचलतें. मात्र दर युनिटास पाव किलोच्या आसपास तेल जळतें. उभारणी स्वस्त व चालविणें महाग, म्हणून दिवेलागणीच्या दोन-चार तासांपुरतेंच तें चालविणें परवडतें. आज महाराष्ट्रांत तेंच काम पाण्याकडे आहे. कोराडी-खापरखेड्याचीं कोळशाचीं केंद्रें संथपणें चालतात. संध्याकाळची उसळी १९६२ पासून वीज देणारें कोयना व २००८ चें घाटघर यांसारखीं केंद्रें सांवरतात.

अशा वीजघराच्या वहींत तासवारी अँपिअर, व्होल्ट, तेलाचा खर्च व बंद पडल्याचें कारण यांचे रकाने असतात. इतिहासकारानें ते ताम्रपटाइतक्याच बारकाईनें वाचावे. भार सूर्यास्ताबरोबर ऋतुमानानें मागेंपुढें सरकत असेल, तर गांवांत दिव्यांखेरीज विजेचा फारसा उपयोग नव्हता. दुपारीं भार दिसूं लागला, तर पिठाची गिरणी वा पंप आला असें अनुमान निघतें. बंद पडण्याच्या नोंदींवरून तेलाची टंचाई कळते. ग्रामजीवनाचा असा तासवार पुरावा पेशव्यांच्या रोजकीर्दींतही विरळा.

अडचण आहे ती दप्तरांच्या पांगापांगीची. नागपूर जिल्हा मध्यप्रांत-वऱ्हाडांत होता. तो १९५० पासून मध्यप्रदेशांत, १९५६ मध्यें मुंबई राज्यांत व १९६० मध्यें महाराष्ट्रांत आला. वीज मंडळ १९६० च्या जूनमध्यें स्थापन झालें आणि २००५ सालीं त्याच्या कंपन्या झाल्या. प्रत्येक बदलाबरोबर कागद हालतो, आणि हाललेला कागद गहाळ होतो. शोधकास राजपत्रांतील परवाने, नगरपालिकेचे ठराव व हिशेब, आणि वीजघराची वही हीं तीन साधनें परस्परांशीं ताडावीं लागतील. पहिलीं दोन सरकारदरबारीं मिळण्याचा संभव असतो. तिसरें बहुधा जुन्या कर्मचाऱ्याच्या माळ्यावर.

म्हणून आमची विनंती अशी कीं, अशी तेलकट वही दिसतांच ती जशीच्या तशी ठेवावी. डाग धुऊं नयेत, सुटे कागद मूळ क्रमानेंच राखावे, व स्थळ आणि देणाराचें नांव टिपून ती मंडळांत पोंचवावी. मोडी दप्तरें अशाच दक्षतेमुळें वांचलीं, हींही वांचतील.