रक्तातल्या शिशाची मर्यादा

1924 साली न्यू जर्सीतल्या एका कारखान्यात पेट्रोलमध्ये घालायचे शिशाचे संयुग बनवणारे कामगार भ्रमिष्ट होऊन दगावले. तेव्हापासून रक्तात शिसे किती चालेल, हा प्रश्न अमेरिकेत गाजू लागला. उत्तर दिले सिनसिनाटीच्या डॉ. रॉबर्ट केहो यांनी. त्यांच्या प्रयोगशाळेला पैसा त्याच उद्योगाकडून येत होता. डेसिलिटरमागे 80 मायक्रोग्रॅमपर्यंत धोका नाही, असा त्यांचा आकडा पुढची काही दशके प्रमाण मानला गेला.

केहोंनी तुलनेसाठी निवडलेली माणसे पाहण्यासारखी आहेत. मोटारी आणि कारखान्यांपासून दूरची माणसे हवीत म्हणून ते मेक्सिकोतल्या एका खेड्यात गेले. तिथल्या शेतकऱ्यांच्या शरीरातही शिसे सापडले. निष्कर्ष तयार होता: माणसाच्या शरीरात शिसे असतेच. पण गावकरी ज्या मातीच्या ताटवाट्यांत जेवत होते, त्यांना शिशाची झिलई होती. आकडेमोडीत चूक नव्हती; चूक माणसे निवडतानाच झाली होती.

ती उघडी पाडली एका भूरसायनशास्त्रज्ञाने. पृथ्वीचे वय काढणाऱ्या क्लेअर पॅटरसन यांना त्या कामात जागोजागी उपऱ्या शिशाचा त्रास झाला होता. 1965 साली त्यांनी लिहिले की, तेव्हाच्या अमेरिकनांच्या शरीरातले शिसे नैसर्गिक पातळीच्या सुमारे शंभर पट आहे. सगळीकडे आढळते म्हणून ते नैसर्गिक ठरत नाही.

तरीही सरकार हलले ते देशव्यापी मोजणीमुळे. 1976 ते 1980 या काळातल्या आरोग्य व पोषण सर्वेक्षणात रक्तातले शिसे सुमारे 37 टक्क्यांनी उतरलेले दिसले, आणि ही घसरण पेट्रोलमधल्या शिशाच्या घसरणीला समांतर होती. आता शंका तपशिलावर आल्या. सर्वेक्षणाच्या गाड्या ऋतूनुसार गावे बदलत होत्या. मग ही घट काळाची, की हवामानाची आणि जागेची? वय, वंश, उत्पन्न, ऋतू, प्रदेश यांचा हिशेब वेगळा काढून पाहिला, तरी उतार तसाच राहिला. शिशाचे निर्बंध सैल करण्याचा घाट तेव्हा वॉशिंग्टनमध्ये घातला जात होता. तो मागे पडला आणि 1986पासून गॅलनमागे फक्त 0.1 ग्रॅम शिशाला परवानगी उरली.

मुलांसाठीची मर्यादाही घसरत गेली. 1960च्या दशकात 60, मग 40, 30, 25 आणि 1991 साली 10. 2012 साली मात्र मर्यादेची जातच बदलली. निरुपद्रवी म्हणावी अशी पातळी सापडत नाही, हे मान्य झाले आणि अपायाचा उंबरठा शोधणे थांबले. त्याऐवजी एक ते पाच वर्षांच्या मुलांतली वरची अडीच टक्के वेगळी काढणारा आकडा घेतला: 5. 2021मध्ये तो 3.5 झाला. इथे मूल आजारी आहे की नाही हे कळत नाही; ते इतर मुलांच्या तुलनेत कुठे उभे आहे, एवढेच कळते. पालकांना हा फरक क्वचितच कोणी समजावून सांगत असेल.

अशा मोजमापांचा सारांश काढण्याचे नियमही याच वाटेवर घडले. काही थोड्या माणसांत रसायन फार जास्त असते आणि ती साधी सरासरी वर ओढतात, म्हणून भूमितीय सरासरी आली. यंत्राला दिसलेच नाही तिथे शून्य न लिहिता शोधमर्यादेला दोनाच्या वर्गमुळाने भागून येणारा आकडा लिहायचा, असा प्रघात पडला. शून्य म्हटले की रसायन नाहीच, असे होते. तसे कुणी पाहिलेले नसते.

भारतात 1998-99च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात मुंबई आणि दिल्लीतल्या तीन वर्षांखालच्या मुलांच्या रक्तातले शिसे मोजले गेले. शिसेविरहित पेट्रोल चार महानगरांत 1995 साली आले होते, देशभर ते 2000 साली झाले. म्हणजे बदलाच्या ऐन तोंडावरचे मोजमाप मुंबईकडे आहे. त्याच सर्वेक्षणाच्या पुढच्या फेऱ्यांत मुलांचे बोट टोचले गेले ते हिमोग्लोबिनसाठी. शिसे त्या यादीत नव्हते.