मापनयंत्रांची बोली

अचूक मोजमापावाचून विज्ञानाचे पाऊल पुढे पडत नाही, हे आपण जाणतोच. परंतु मोजणारी यंत्रे संगणकाशी आणि परस्परांशी बोलू कशी लागली, हा इतिहास फारसा सांगितला जात नाही. त्यात शास्त्रज्ञांच्या बुद्धीइतकाच कारखानदारांच्या समंजसपणाचाही वाटा आहे.

१९६० च्या सुमाराची प्रयोगशाळा डोळ्यांसमोर आणा. एका टेबलावर व्होल्टमीटर, दुसऱ्यावर ऑसिलोस्कोप, आणि मधोमध वहीत आकडे टिपून घेणारा मनुष्य. शंभर नोंदी घ्यावयाच्या तर शंभरदा मान वळवावयाची. हे काम संगणकाकडे सोपवावे, तर प्रत्येक उपकरणाच्या तारा निराळ्या आणि संकेतही निराळे. दोन उपकरणांची गाठ घालावयाची, म्हणजे दर वेळी नवा दुभाषा घडवावयाचा!

अमेरिकेतील ह्यूलेट-पॅकार्ड ही कंपनी अशी उपकरणे बनवीत असे. आपली स्वतःची उपकरणे तरी एकत्र नांदावीत, म्हणून १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिने एक सामायिक तारमार्ग आखण्यास आरंभ केला. १९७५ साली अमेरिकेतील ‘आयईईई’ या अभियंत्यांच्या संस्थेने त्याला ४८८ क्रमांकाचे मानक म्हणून मान्यता दिली, आणि एका घरची रीत साऱ्या गावाची झाली.

ही रीत मोठी मनोरंजक आहे. मार्गात संदेशाच्या सोळा तारा असतात. आठ तारा माहिती वाहतात, पाच व्यवस्था पाहतात, आणि उरलेल्या तीन ‘हस्तांदोलना’साठी असतात. पंधरापर्यंत उपकरणे या मार्गावर बसू शकतात. तारांची एकूण लांबी मात्र वीस मीटरच्या आत ठेवावी लागते. प्रत्येक उपकरणास आपला क्रमांक असतो. एका वेळी वक्ता एकच, श्रोते अनेक. आणि कोणी बोलावे व कोणी ऐकावे, हे नियंत्रक ठरवितो. सर्वांत मंद श्रोत्याने शब्द स्वीकारल्याची खूण मिळाल्यावाचून वक्ता पुढचा शब्द उच्चारीत नाही. आकाशवाणीवरील वक्त्याला हे भाग्य कोठून लाभणार!

तथापि तारा जुळल्या म्हणून मने जुळतातच असे नाही. मानकाने बोलण्याची शिस्त ठरविली होती, शब्द ठरविले नव्हते. एका निर्मात्याच्या मापकास जे अक्षर ‘व्होल्ट मोज’ असे सांगे, तेच दुसऱ्याच्या मापकास निरर्थक वाटे. त्यामुळे एक उपकरण बदलले की संगणकाची आज्ञावली पुन्हा लिहावी लागे. ग्राहक एकदा ज्या निर्मात्याच्या दारी गेला, तेथून त्याची सुटका कठीण होई.

यावर उपाय दोन टप्प्यांनी झाला. १९८७ साली मानकाला दुसरा भाग जोडला गेला. ‘तू कोण?’ अशा अर्थाची ठराविक आज्ञा मिळताच उपकरणाने आपला निर्माता आणि नमुना सांगावा, असे काही समान संकेत त्यात ठरले. पुढे १९९० साली परस्परांचे प्रतिस्पर्धी असलेले निर्माते एकत्र आले आणि ‘स्किपी’ नावाची आज्ञाभाषा सिद्ध झाली. उपकरण कोणाचे आहे यापेक्षा काय मोजावयाचे आहे, याला तिच्यात महत्त्व आले. आज यूएसबी आणि इथरनेट यांच्या तारांनी जुन्या जाड केबलची जागा बऱ्याच अंशी घेतली आहे. परंतु त्यांतून वाहणारी भाषा बहुधा हीच असते. वाहन बदलले, बोली टिकली.

या सोयीबरोबर जबाबदारीही आली आहे. हाताने नोंद घेणारा मनुष्य विपरीत आकडा दिसताच थबकत असे. संगणक थबकत नाही. मापकाची मर्यादा चुकीची ठरविली, तर तो दहा हजार चुकीचे आकडे सुबक रांगेत मांडून देईल. आज्ञा बिनचूक पाळली गेली म्हणून ती योग्य होती, असे ठरत नाही. यंत्रांनी परस्परांशी कसे बोलावे, हे माणसांनी एकमताने ठरविले. त्यांना काय विचारावे आणि उत्तरावर विश्वास केव्हा ठेवावा, हा विवेक मात्र ज्याचा त्यानेच बाळगावयाचा आहे.