गाडी पायाचे ऐकत नाही तेव्हा

आमच्या नारायणगावाला महाराष्ट्र ओळखतो तो तमाशाची पंढरी म्हणून. विठाबाई नारायणगावकरांच्या या गावात चैत्रात फडमालकांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावचे पंच यात्रेची सुपारी द्यायला येतात. रसिकांना ढोलकी आठवते, घुंगरू आठवतात. ट्रक मात्र कोणाच्या ध्यानात राहत नाही. वास्तविक, फडाचा सारा संसार चाकांवर चालतो. कनात, पेट्या, कलावंत, सगळे ट्रकमध्ये. रात्रीपर्यंत यात्रेचे गाव गाठले नाही, तर सुपारी बुडाली. अशा वेळी चंदनापुरीच्या घाटात ड्रायव्हरने पाय दाबावा आणि इंजिनाने हूं की चूं करू नये! 'गाडी रेस घेत नाही', असे आमच्याकडे म्हणतात. या चार शब्दांमागे दोनशे वर्षांचा इतिहास आहे आणि तो दिवाळीच्या फराळाबरोबर ऐकण्याजोगा आहे.

त्याचा आरंभ मोटारीच्याही आधीचा. वाफेच्या नळीतली झडप कमी-अधिक उघडून इंजिनाचा वेग आवरायचा, ही युक्ती जेम्स वॅटच्या काळची. १७८८ साली त्याने आपल्या इंजिनाला दोन फिरत्या गोळ्यांचा नियंत्रक जोडला. वेग वाढला की गोळे बाहेर फाकत आणि झडप आपोआप मिटू लागे. इंग्रजांनी तिला 'थ्रॉटल', म्हणजे गळा आवळणारी, असे नाव दिले. यंत्राला धावू द्यायचे, पण त्याच्या गळ्यावर हात ठेवून, हा विचार तेव्हापासूनचा.

मोटारीत हे काम आधी हाताकडे होते. १९०८ साली निघालेल्या फोर्डच्या 'मॉडेल टी'ला पायाखाली तीन पायडल होती. पण वेग वाढवणारे त्यात एकही नव्हते! त्यासाठी सुकाणूच्या चाकाखाली एक दांडी असे. क्लच, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर हा आजचा क्रम १९१६ च्या कॅडिलॅकमध्ये दिसतो आणि १९२२ च्या ऑस्टिन सेव्हनने तो सामान्य माणसाच्या गाडीत आणला. हात सुकाणूसाठी मोकळा झाला. वेग पायाखाली आला.

आपण समजतो, पाय दाबला की पेट्रोल जास्त जाते. पण पेट्रोलच्या इंजिनात पाय उघडतो ते हवेचे दार. पेट्रोल हवेच्या मागोमाग येते. जुन्या डिझेल ट्रकमध्ये हवेला वाट मोकळीच असते आणि पायाची खेच पोचते ती डिझेलच्या पंपाला. मध्ये दुवा असतो सळईचा किंवा वायरचा.

म्हणून जाणत्या मेस्त्रीचा पहिला प्रश्न एकच : खेच पोचते का? इंजिन बंद करून एकाने पायडल दाबायचे, दुसऱ्याने पलीकडचे टोक पाहायचे. ते हलले नाही, तर दोष वाटेत आहे. पायाखालचे पायदान गुंडाळले असेल, वायरचे टोक निसटले असेल, नाहीतर वायर आवरणात गंजून बसली असेल. ढिली वायर ताणून घेता येते. तिचे तंतू तुटू लागले असतील, तर मात्र बदलावीच. टोक हलते आणि तरी इंजिन ऐकत नाही, तर पायडल निर्दोष! मग कार्ब्युरेटरमधला कचरा, चोंदलेला फिल्टर, डिझेलच्या नळीत शिरलेली हवा, या क्रमाने शोध घ्यायचा.

या सगळ्यात एक स्प्रिंग असते. काम तिचे एवढेच, की पाय उचलला किंवा वायर तुटली तर झडप मिटवायची. मला या साऱ्या इतिहासाचा प्राण तिच्यात दिसतो. फडाच्या गाड्या दुरुस्त करण्यात आयुष्य घालवलेल्या एका वृद्ध मेस्त्रींनी मला सांगितले होते, "गुरुजी, वायर तुटली तर पंपाच्या दांडीला सुतळी लावून गाव गाठायचं. पण सुतळी क्लीनरनं हातात धरायची, कुठं बांधायची नाही." हातातली सुटली, तर स्प्रिंग इंजिनाला मंद करील, बांधलेली अडकली, तर गाडी सुसाट सुटेल. शाळेची पायरी फारशी न चढलेल्या माणसाने वॅटचा विचार सुतळीच्या भाषेत सांगितला!

पुढे वायरही गेली. १९८० च्या दशकाअखेर बीएमडब्ल्यूच्या मोठ्या मोटारीत पायाचा दाब विजेच्या संदेशाने इंजिनाकडे जाऊ लागला. आता नव्या गाड्यांत तीच रीत आहे. पायडलला एकाऐवजी दोन संवेदक असतात. दोघांची साक्ष जुळली नाही, की गाडीचा संगणक वेग तोडतो आणि गाडी गोगलगायीसारखी सरपटते. मालक चिडतो, पण ही त्याच जुन्या स्प्रिंगची नात आहे. इथे मेस्त्री स्कॅनर लावतो. त्यात उमटणारा कोड म्हणजे रोगाचे नाव नव्हे. दुखऱ्या जागेकडे दाखवलेले बोट. पायडलच्या जोडाला ओल, उंदराने कुरतडलेली तार, झडपेवर साचलेली काजळी, हे डोळ्यांनीच पाहावे लागते. मगच पायडल बदलण्याचा खर्च.

उलट बाजूही विसरू नये. २००९-१० मध्ये टोयोटाने अमेरिकेत लाखो गाड्या परत बोलावल्या. कोठे पायदानात पायडल अडकत होते, कोठे पायडलच चिकटत होते. संशय संगणकावर गेला. थेट नासाचे अभियंते तपासाला बसले. २०११ च्या अहवालात इलेक्ट्रॉनिक दोषाचा पुरावा सापडला नसल्याचे आले. शोध पुन्हा पायदानापाशी! पायडल असे अडकलेच, तर ब्रेक घट्ट दाबावा, गिअर न्यूट्रल करावा आणि गाडी थांबल्यावरच इंजिन बंद करावे.

पायाचे न ऐकणारी गाडी खोळंबा करते, सुपारी बुडवते, हे खरे. पण पाय उचलल्यावरही न ऐकणारी गाडी माणसे बुडवते. बिघडायचेच असेल तर थांबण्याच्या बाजूने बिघडावे, हे यंत्राला शिकवायला माणसाने दोन शतके खर्ची घातली आहेत. तेव्हा घाटात गाडी रुसली, तर तिला शिव्या घालण्याआधी बाजूला घ्यावी, हँडब्रेक ओढावा आणि वाकून पायदान पाहावे.