वऱ्हाडातील जीवनसंस्कार

ज्युबिलीचा प्रसंग आला म्हणजे चर्चची कोनशिला कोणी बसविली, घंटा कोठून आली, कोणकोणते धर्मगुरू येथे सेवा करून गेले, ह्यांची हकिकत लिहून ठेवण्याचा प्रघात आहे, आणि तो योग्यच आहे. तथापि धर्मग्रामाचा सर्वांत जिव्हाळ्याचा इतिहास कपाटातील तीन वह्यांत असतो. एकीत स्नानसंस्काराची नोंद, दुसरीत विवाहाची, तिसरीत मरणाची. ह्या वह्यांत शेतमजुराचे नाव व देशमुखाचे नाव एकाच शाईने व एकाच आकाराच्या अक्षरांनी लिहिलेले असते. पंगतीत किती पाने उठली, मांडवास किती खर्च झाला, हे त्यांत कोठेही लिहिलेले नाही. नाव, तारीख, दिलेले वचन आणि साक्षीदार एवढेच काय ते तेथे सापडते. संस्काराचे मूळ कोणते व त्याचा अलंकार कोणता, हा विवेक ह्या वह्यांनी आम्हांस न बोलता शिकविला आहे. त्याच विवेकाचा वऱ्हाडातील इतिहास आम्ही वाचकांपुढे थोडक्यात मांडीत आहो.

प्रथम आपल्या प्रांताच्या नावाकडे पाहू. वऱ्हाड म्हणजे आपला देश आणि वऱ्हाड म्हणजे लग्नास निघालेली मंडळी. एकाच शब्दाने देशाचा व लग्नाचा बोध व्हावा, हे भाग्य दुसऱ्या कोणत्या प्रांतास लाभले आहे? अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीच्या काठी कौंडिण्यपूर आहे. तेच रुक्मिणीचे माहेर, असे परंपरा सांगते. त्याच जिल्ह्यातील रिद्धपूर येथे तेराव्या शतकात महानुभाव पंथाच्या महदंबेने श्रीगोविंदप्रभूंच्या विवाहोत्सवाच्या निमित्ताने ‘धवळे’ रचून गायिले. मराठीच्या पहिल्या कवयित्रीची वाणी लग्नाच्या गाण्यांतून प्रकट झाली, ही गोष्ट आम्हां वऱ्हाडकरांस अभिमानास्पद होय. आणखी एक शब्द ध्यानात घेण्याजोगा आहे. इतरत्र ज्यास वाङ्निश्चय किंवा साखरपुडा म्हणतात, त्यास आपल्याकडे साक्षगंध म्हणतात. गंध हा अलंकार आणि साक्ष हे मूळ. दोन्ही एकाच शब्दात नांदत आहेत.

ह्या साक्षीचे मोल ख्रिस्तसभेस फार किंमत देऊन कळले. युरोपात पुष्कळ शतके अशी स्थिती होती की, स्त्रीपुरुषांनी एकांतात परस्परांस वचन दिले तरी विवाह सिद्ध होत असे. पुढे पुरुषाने ते वचन नाकारिले म्हणजे त्या स्त्रीस दाद मागावयास पुरावा नसे. एक पत्नी हयात असता दुसरीशी उघडपणे लग्न लागल्याचीही उदाहरणे घडत. हा अनर्थ थांबविण्याकरिता ट्रेंटच्या धर्मपरिषदेने इ. स. १५६३ मध्ये ठरविले की, विवाहाची घोषणा तीन सणवारी चर्चमध्ये व्हावी, विवाह धर्मगुरू व दोन किंवा तीन साक्षीदार ह्यांच्या समक्ष व्हावा, आणि त्याची नोंद वहीत ठेवावी. इ. स. १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने स्नानसंस्कार, विवाह व मृत्यू ह्यांच्या वह्यांचा नमुना घालून दिला. ट्रेंटचा नियम मात्र जेथे तो प्रसिद्ध झाला तेथेच लागू होता. इ. स. १९०७ च्या आज्ञापत्राने धर्मगुरू व दोन साक्षीदार ह्यांची अट बहुतेक सर्व जगास एकसारखी लागू झाली व १९०८ च्या ईस्टरपासून ती अमलात आली. त्या वेळी आपला प्रदेश इ. स. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या नागपूर धर्मप्रांताच्या छत्राखाली होता. अमरावतीचा स्वतंत्र धर्मप्रांत ८ मे १९५५ रोजी निर्माण झाला. सारांश, आज जी वही आपण सहज उघडून पाहतो, तिच्यामागे फसविल्या गेलेल्या अनेक अनामिक स्त्रियांचे अश्रू आहेत.

आता अलंकाराकडे वळू. त्याविषयी मनुष्य दोन प्रकारे चुकतो. पहिला प्रकार म्हणजे अलंकारासच पाप समजणे. गोव्याच्या इन्क्विझिशनने १४ एप्रिल १७३६ रोजी जो जाहीरनामा काढिला, त्यात लग्नातील हळद, पानसुपारीची देवघेव, लग्नाची गाणी अशा कितीतरी देशी चालींस बंदी केली होती. वस्तुतः ट्रेंटच्या परिषदेनेच आपल्या विवाहविषयक ठरावात, ज्या प्रांतात विवाहाच्या प्रशंसनीय चाली असतील त्या राखाव्या, अशी इच्छा व्यक्त केली होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ च्या उपासनाविषयक आज्ञापत्रात त्याच वचनाचा पुनरुच्चार केला. तेव्हा वधूच्या अंगास हळद लागली म्हणून संस्कार विटाळत नाही, आणि अक्षता पडल्या म्हणून वचनास उणेपणा येत नाही.

दुसरी चूक ह्याच्या उलट आहे, आणि ती आपल्या वऱ्हाडास अधिक बाधली आहे. अलंकारासच मूळ समजून त्याच्यापायी शेत गहाण टाकणे ही ती चूक होय. तिच्याविरुद्ध सर्वांत खणखणीत आवाज ज्याने उठविला, तो पुरुष आपल्याच मातीतला होता. संत गाडगेबाबा, मूळचे डेबूजी झिंगराजी जानोरकर, ह्यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे एका परीट कुटुंबात झाला. वडील दारूच्या व्यसनाने अकाली वारले. डेबूजी अकोला जिल्ह्यातील दापुऱ्यास आजोळी वाढले. मुलीच्या बारशास जातभाईंना बोकड व दारूचे जेवण घालावयाचे, अशी रूढी होती. डेबूजींनी ती मोडून सर्वांस गोडधोडाचे जेवण वाढिले. ज्या दारूने घरातील कर्ता पुरुष नेला, तिच्याच पेल्याने नव्या जिवाचे स्वागत करावयाचे काय, हा प्रश्न त्या पंगतीने जातभाईंपुढे ठेविला असेल, असे आम्हांस वाटते. त्यांनी बारसे केले, नाव ठेविले, जातभाईंस जेवूही घातले. विष मात्र काढून टाकिले.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी गृहत्याग केल्यावर बाबांनी हातात खराटा घेऊन गावोगाव कीर्तने केली. कर्ज काढून सण, लग्न वा तेरवी करू नका, मुलांस शाळेत घाला, हा त्यांचा ध्रुवपदासारखा उपदेश असे. गरीब तरुणतरुणींची लग्ने लावून द्यावी, हेही त्यांच्या दशसूत्री संदेशातील एक कलम आहे. स्वतःच्या मरणाविषयीही त्यांनी तीच रीत पाळिली: जेथे देह पडेल तेथेच अंत्यविधी करावा, मूर्ती वा मंदिर उभारू नये, असे त्यांनी सांगून ठेविले होते. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीनजीक वलगावजवळ त्यांचे देहावसान झाले.

ह्या विचाराची परंपरा महाराष्ट्रात आधीपासून होती. महात्मा जोतीराव फुले ह्यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यास सत्यशोधक समाज स्थापिला, आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरास समाजाचा पहिला विवाह पुरोहितावाचून, अल्प खर्चात, वधूवरांनी सर्वांसमक्ष परस्परांस वचने देऊन झाला. आपल्या चर्चमध्ये विवाहप्रसंगी धर्मगुरू उपस्थित असतो. तथापि लॅटिन परंपरेच्या शिकवणुकीप्रमाणे विवाहसंस्कार वधूवरच एकमेकांस देतात व धर्मगुरू ख्रिस्तसभेतर्फे त्यांचे वचन स्वीकारतो. पुढे अमरावती जिल्ह्यातीलच यावली गावी जन्मलेले राष्ट्रसंत तुकडोजी महाराज (१९०९–१९६८) ह्यांनी आपल्या ग्रामगीतेत वैवाहिक जीवन व अंत्यसंस्कार ह्यांवर स्वतंत्र अध्याय लिहिले. ग्रामसुधारणेच्या ग्रंथात लग्नास व मरणास स्थान द्यावे लागले, ह्याचे कारण उघड आहे: गावाची धूप शेतातून जितकी होते तितकीच मांडवातूनही होते. इ. स. १९६१ मध्ये हुंड्यास कायद्याने बंदी झाली. परंतु कायद्याने बंद झालेली वस्तू आंदणाचे नाव घेऊन मागल्या दाराने घरात येते, हे वाचकांस आम्ही सांगावयास नको.

इ. स. २००६ मध्ये केंद्र सरकारने विदर्भातील सहा जिल्ह्यांच्या कर्जग्रस्त शेतकऱ्यांकरिता ३,७५० कोटी रुपयांचे साह्य जाहीर केले, त्यांत अमरावती व अकोला हे दोन्ही जिल्हे होते. त्या कर्जाची कारणे अनेक होती: कापसाचा भाव, पावसाची लहर, बियाण्याचा व खताचा खर्च. परंतु मुलीच्या लग्नाकरिता काढिलेली रक्कम त्या हिशेबात कोठेच नव्हती, असे म्हणण्याचे धाडस कोण करील? आणि आपली ख्रिस्ती कुटुंबे ह्या व्याधीपासून अगदी मुक्त आहेत, असे म्हणावयास आमची जीभ धजत नाही. शेजाऱ्याने पाचशे पाने वाढिली म्हणून आपण सहाशे वाढावी, ही ईर्षा धर्म विचारून घरात शिरत नाही.

ह्याचा अर्थ आनंद करू नये असा कोणी घेऊ नये. गालीलातील काना येथील लग्नात द्राक्षारस सरला, तेव्हा प्रभू येशूने यजमानास बोल लाविला नाही. पवित्र मातेच्या शब्दावरून त्या घरची लाज राखिली. पण तोच प्रभू बालक असता त्याला मंदिरात अर्पण करावयास नेले, तेव्हा मरिया व योसेफ ह्यांनी पाखरांची जोडी दिली. ज्यास कोकरू परवडत नाही त्याने दोन पाखरे द्यावी, अशी मोशेच्या नियमशास्त्रात सवलत होती, आणि पवित्र कुटुंबाने ती संकोच न बाळगता घेतली. ऐपतीप्रमाणे केलेला विधी देवाघरी उणा ठरत नाही, ह्यास ह्याहून मोठा पुरावा कोणता हवा?

म्हणून ज्युबिलीच्या ह्या शुभ वर्षी आमची धर्मग्रामातील वडीलधाऱ्या मंडळींस नम्र सूचना आहे. तोरणे व रोषणाई ह्यांबरोबर आपण एक विचार पक्का करावा: आपल्यांतील कोणाही बापाने लेकीच्या लग्नाकरिता वा आईच्या तेरवीकरिता शेत गहाण टाकू नये, आणि साध्या पंगतीस कोणी नाव ठेवू नये. सधन कुटुंबांनी ह्यात पुढाकार घ्यावा, कारण मोठ्या घरची चाल लहान घरास ओढून नेते. हळद लागो, वाजंत्री वाजो, आल्यागेल्यास गोड घास मिळो. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्या घरातील माणसांस सावकाराच्या दारी उभे राहावे लागू नये. मग वहीत लिहिलेली नावे पुढील पिढी वाचील, तेव्हा त्या नावांमागे ऋणाची खूण नसेल, आणि साक्षीस बसलेल्या आपणां सर्वांची साक्ष खरी ठरेल.